पोटात नळी घालून नक्की काय साधलं? (एंडोस्कोपी, अल्सर आणि आपण सोलापूरकर)

मालदांडी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वडील ६३ वर्षांचे. अशोक चौकाच्या मागे आमचा यंत्रमागाचा लहानसा कारखाना आहे. आता अर्धे माग बंदच असतात, पण वडील अजून रोज जाऊन बसतात. हल्ली जिना चढला की दम लागतो म्हणाले, म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पोटाच्या डॉक्टरांकडे धाडलं. ते म्हणाले, या वयाच्या पुरुषाचं रक्त असं कमी होतंय म्हणजे ते आत कुठेतरी गळत असणार, वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण घालून बघू.

घरात लगेच दोन तट पडले. काका म्हणतात, सोनोग्राफी नॉर्मल आलीय, मग नळी कशाला? मशीन घेतलं की त्याचे हप्ते पेशंटच्या पोटातून वसूल करतात. खरं सांगू का, मलाही थोडं तसंच वाटतं. ऑफिसात, गल्लीत, ज्याला त्याला विचारा, 'एंडोस्कोपी केली, थोडी सूज निघाली, गोळ्या दिल्या'. सूज आणि गोळ्या तर आधीही होत्याच की.

वडिलांचं काय करायचं ते डॉक्टर बघतील, तो सल्ला इथे मागत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या नळीमुळे पोटाच्या आजारांत खरोखर काही बदललं का? की नुसतं आतलं टीव्हीवर दिसायला लागलं, एवढंच?

होटगीरोडकर | सोमवार, रात्री ९.५२

दोन्हीकडून म्हणजे नळी एकच का बे? आधी कुठून घालतात तेवढं तरी विचारून घे. :)

वॉर्डातली_ताई | सोमवार, रात्री १०.१५

होटगीरोडकर, हा विनोद करत नाही असा पेशंट मला एंडोस्कोपीच्या खोलीत अजून भेटायचाय. नळ्या वेगवेगळ्या असतात. वरची साधारण सेंटीमीटरभर जाड आणि मीटरभर लांब. खालची जरा जाड आणि बरीच लांब. आणि प्रत्येक पेशंटनंतर ती धुणं हे निम्मं काम असतं. आधी साबणाच्या औषधाने पुसायची, मग गळती तपासायची, मग आतल्या बारीक नळीतून ब्रश आरपार, मग जंतुनाशकात ठरलेली मिनिटं बुडवून ठेवायची, शेवटी आतून हवा मारून वाळवून कपाटात उभी टांगायची. कुठेही करून घ्या, पण 'धुता कशी?' हे विचारायला लाजू नका.

मालदांडी, काकांना सांगा, आतड्यात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीच्या लहरी नीट जात नाहीत. लिव्हर, पित्ताशय, किडनी ती छान दाखवते. आतड्याच्या अस्तरावरची जखम तिला दिसत नाही.

वरची तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. घशात कडू स्प्रे मारतात, मग घसा आपला नाहीच असं वाटतं. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लास्टिकची कडी देतात, नळी आत गेली की ढेकर येतात आणि डोळ्यांतून पाणी. दुखत नाही, पण नकोसं वाटतं. झोपेचं इंजेक्शन घेतलं तर तेही आठवत नाही. मात्र त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ११.०५

मालदांडी यांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांना लांब प्रतिसादांचा कंटाळा आहे त्यांनी पुढे जावं.

माझे थोरले बंधू मिलमध्ये जॉबर होते. सत्तरच्या दशकात त्यांना अल्सर झाला. पाळी सुटली की पोट धरून बसायचे, थोडं दूध प्यायलं की तेवढ्यापुरतं बरं. निदान कसं करायचे? बेरियमचं पांढरं घट्ट पाणी पाजून एक्स-रे काढायचे आणि त्या फोटोत खड्डा दिसतो का ते बघायचे. दिसला. मग दूध, मऊ भात, तिखट बंद, 'डोक्याला ताण देऊ नका'. मिलच्या कामगाराला हे सांगायचं! शेवटी ऑपरेशन झालं. आम्ल कमी व्हावं म्हणून जठराकडे जाणारा मज्जातंतू कापला आणि जठर पुढच्या आतड्याला जोडून नवी वाट काढली. अल्सर गेला, पण त्यानंतर पोटभर जेवले की घाम सुटायचा, छाती धडधडायची. लग्नकार्यात पंगतीला बसायचेच नाहीत. आम्ही वाढायला आहोत असं सांगून मंडपात फिरत राहायचे.

हे ऑपरेशन तेव्हा सर्रास व्हायचं. आज तरुण सर्जनला विचारा, अल्सर फुटला किंवा रक्त काही केल्या थांबेना अशा वेळी सोडून ते कधी केलंय का. १९७६ नंतर सिमेटिडीन आलं, पुढे ओमेप्राझोल आलं, त्यांनी आम्ल आवरलं. पण गोळ्या थांबवल्या की अल्सर परत. खरं कारण सापडलं ते नळीमुळेच.

ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ मध्ये त्यांना जठराच्या तुकड्यांमध्ये वाकडे जिवाणू दिसले. सगळे म्हणाले, आम्लात जिवाणू जगतच नाहीत, बाहेरून आले असतील. पूर्वी असे तुकडे मिळायचे ते शवविच्छेदनातून, तोवर अस्तर खराब झालेलं असायचं, नाहीतर ऑपरेशनमध्ये काढलेल्या जठरातून. लवचीक नळी आल्यावर जिवंत माणसाच्या जठरातून ताजा चिमूटभर तुकडा मिळायला लागला. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. दोघांनी १०० रुग्णांचे तुकडे तपासले. जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढेचना. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यात तो वाढला. तोच हेलिकोबॅक्टर पायलोरी. तरीही कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी तो स्वतः पिऊन टाकला. आधी दुर्बीण करून जठर साफ असल्याची खात्री केली होती, प्यायल्यावर परत केली, तर दाह झालेला आणि तुकड्यात जिवाणू हजर. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

बंधू १९९१ ला गेले. तिखटाचं पथ्य शेवटपर्यंत पाळलं.

कडकभाकरी | सोमवार, रात्री ११.२०

मास्तर, पंगतीचं वाचून थांबले थोडा वेळ.

पूर्वभागवाला | मंगळवार, सकाळी ७.३०

थांबा थांबा. म्हणजे तिखटाने अल्सर होत नाही? आमच्या घरात आईने वीस वर्षं शेंगा चटणी बंद ठेवलीय माझी. सोलापुरात राहून! हा मानवाधिकाराचा प्रश्न आहे.

पोटोबा | मंगळवार, सकाळी ८.१०

(मी गॅस्ट्रोवाला आहे. इथे कोणाच्या रिपोर्टवर मत देत नाही, कृपया व्यक्तिगत निरोपातही पाठवू नका.)

पूर्वभागवाला, मिरचीने अल्सर होत नाही. ज्याला आधीच जळजळ आहे त्याला तिखट खाल्लं की त्रास वाढू शकतो, तेवढं खरं. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. पूर्व भागातच राहता म्हणून सांगतो, मागावर आठ-दहा तास उभं राहून कंबर धरते, मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय 'दोन रंगाच्या दोन' घेतल्या जातात. वर्षानुवर्षं. चटणीपेक्षा त्या बघा.

जिवाणूबद्दल एक गैरसमज आत्ताच काढतो. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना काही होत नाही. त्यामुळे रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचून घाबरू नका. अल्सर असेल तर मात्र दोन अँटिबायोटिक आणि आम्लाची गोळी, साधारण १४ दिवस, पूर्ण. अर्धवट सोडलं की तो औषधांना सरावतो. जठराच्या कॅन्सरशीही त्याचा संबंध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवलंय.

मास्तरांनी संशोधनाची बाजू इतकी नेमकी लिहिलीय की त्यात भर घालायला नको. उपचाराचं दुपारी लिहितो, ओपीडी आहे.

काचतंतू | मंगळवार, सकाळी १०.४५

वैद्यकीय बाजू जाणकार लिहितीलच, मी यंत्राचं लिहितो. पेशाने इंजिनिअर, मूळ गाव बार्शी.

१८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा जिवंत माणसाच्या जठरात सरळ धातूची नळी घातली. माणूस कोण होता? तलवार गिळणारा! त्याच्याशिवाय तेव्हा कोणाला जमलंच नसतं. नळी गेली, पण उजेड पुरेना. १९३२ मध्ये शिंडलर यांनी अर्धवट वाकणारी नळी केली, आत भिंगांची रांग. जरा जास्त वाकवली की चित्र गायब. १९५० च्या सुमारास जपानात नळीच्या टोकाला चिमुकला कॅमेरा आणि बल्ब बसवला. डॉक्टरला काहीच दिसायचं नाही. अंदाजाने फोटो काढायचे, फिल्म धुवायची, मग कळायचं आत काय होतं. खोलीत अंधार करून पोटाच्या कातडीवर बल्बचा उजेड कुठे उमटतो त्यावरून कॅमेरा कुठे आहे ते ठरवायचे.

अडचण फोडली ती काचेच्या तंतूंनी. १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी (जन्म मोगा, पंजाब) यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं. हजारो तंतू, प्रत्येक आपापला एक ठिपका नेतो. अट एकच, दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम तोच राहिला पाहिजे. फणीतून ताणा ओवताना एक सूत शेजारच्या घरात गेलं की चादरीवरच्या मोराची मान तुटते, तसंच हे. सोलापूरकरांना याहून जास्त समजवायची गरज नाही.

तरी उजेड एका तंतूतून शेजारच्यात गळायचा. अमेरिकेत मिशिगनला लॅरी कर्टिस नावाच्या विद्यार्थ्याने १९५६ मध्ये तंतूवर दुसऱ्या काचेचं आवरण चढवून ती गळती बंद केली. मग १९५७ मध्ये बॅसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी ती नळी आधी स्वतःच्याच घशातून घातली. पोटाच्या या डॉक्टर लोकांना स्वतःवर प्रयोग करायची भारी हौस दिसते.

१९८३ मध्ये तंतूंच्या जागी टोकाला इलेक्ट्रॉनिक चिप आली. तेव्हापासून पडदा आणि खोलीतल्या सगळ्यांना दिसणारं चित्र. मालदांडी ज्याला 'नुसतं टीव्हीवर' म्हणतात ते हेच. त्याआधी एक डॉक्टर नळीच्या भिंगाला डोळा लावून वाकून बसायचा आणि मदतनिसाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

अवांतर: २००९ चं भौतिकीचं नोबेल काचतंतूंच्या दूरसंचारासाठी चार्ल्स काओंना आणि त्याच चिपच्या शोधासाठी बॉइल आणि स्मिथ यांना मिळालं. कपानींचं नाव नव्हतं. भारताने २०२१ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिलं, ते गेल्यावर.

होटगीरोडकर | मंगळवार, सकाळी ११.०२

तलवार गिळणारा! गड्ड्याच्या जत्रेत लहानपणी बघितलेला. त्याला कोणी डॉक्टर भेटला नाही, नाहीतर सोलापूरचं नाव झालं असतं.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १.३०

सगळे भारावलेत, म्हणून विरोधी पक्षाची जागा मी घेतो.

इतिहास छान आहे, मान्य. पण मालदांडींच्या काकांचा मुद्दा वाऱ्यावर सोडू नका. माझ्या बायकोला, वय ३१, दोन आठवडे जळजळ. पहिल्याच भेटीत 'उद्या उपाशी या, दुर्बीण करू'. ना वजन घटलं, ना उलटी, ना रक्त. केली. 'सौम्य दाह'. गोळी तीच जी आधीही देता आली असती. नाव घेत नाही, पण हे एकाच ठिकाणी होतं असंही नाही.

दुसरं. मोठ्या आतड्याची दुर्बीण सगळ्यांनी पन्नाशीनंतर करावीच असा प्रचार आहे. २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे ८५ हजार लोकांचा अभ्यास आला. ज्यांना कोलोनोस्कोपीचं बोलावणं गेलं त्यांच्यात दहा वर्षांत आतड्याचा कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी, आणि मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक नाही. एवढ्या डामडौलानंतर १८ टक्के?

पोटोबा | मंगळवार, दुपारी ४.२०

शंकासुर, पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. तरुण माणूस, थोड्या दिवसांची जळजळ, धोक्याची लक्षणं नाहीत, तर आधी औषध देऊन बघायचं हेच योग्य. धोक्याची लक्षणं म्हणजे घास अडकणं, आपोआप वजन घटणं, रक्ताची उलटी, काळी चिकट शी, सतत उलट्या, आणि रक्त कमी होणं. मालदांडींचे वडील यातच बसतात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं त्यात मला वावगं दिसत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही आकडा बरोबर दिलात, पण अर्धाच. त्या अभ्यासात बोलावणं गेलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक प्रत्यक्ष आले. जे आलेच नाहीत तेही हिशेबात धरलेत. शिवाय दहा वर्षं हा या कॅन्सरसाठी कमी काळ आहे. उलट बाजूला अमेरिकेतला पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठीचा, जुना अभ्यास आहे. ज्यांचे पॉलिप काढले त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी निघाले, २०१२ ला छापला. त्यातही तुलना सर्वसामान्य लोकसंख्येशी होती, म्हणून तोही शेवटचा शब्द नाही. आणि आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण युरोपपेक्षा कमी, त्यामुळे तिकडचा नियम जसाच्या तसा इकडे लावावा असं मीही म्हणणार नाही. पण लक्षण असलेल्या माणसाची तपासणी आणि धडधाकट माणसाची चाळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ नको.

आता उपचार. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला शिन्या आणि वुल्फ यांनी नळीतून तारेचा फास घालून, विजेने जाळून, आतड्यातला पॉलिप काढला. तोवर त्यासाठी पोट फाडावं लागायचं. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची गाठ काढून टाकणं, हे पोट न उघडता जमायला लागलं ते तेव्हापासून. रक्त वाहणाऱ्या अल्सरवर आता नळीतूनच इंजेक्शन देतो, चिमटा लावतो. लिव्हर खराब झालेल्यांच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात आणि माणूस रक्ताच्या गुळण्या करत येतो, तिथे १९८६ पासून रबराच्या बारीक कड्या बसवतात. दारूच्या वॉर्डात ड्युटी केलेल्याला विचारा या कड्यांची किंमत.

आणि आपल्याकडचं सगळ्यात महत्त्वाचं, पोटाचा टीबी. तो बसतो बहुधा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर. क्रोन्स नावाचा दुसरा आजारही तिथेच बसतो आणि दोन्ही सारखेच दिसतात. एकाला टीबीची औषधं लागतात. दुसऱ्याला प्रतिकारशक्ती दाबणारी, आणि ती टीबीवाल्याला दिली तर टीबी भडकतो. नळीने तिथपर्यंत जाऊन तुकडे घेता येतात, आणि औषध सुरू केल्यावर दोनेक महिन्यांनी परत बघितलं की जखम भरतेय की नाही ते कळतं. हे पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा भारतातल्या डॉक्टरांनी जास्त अभ्यासलंय.

शंकासुर | मंगळवार, सायं. ५.०५

उत्तर आवडलं. ४२ टक्क्यांचं मान्य. बायकोच्या सात-आठ हजारांचं काय ते मात्र अधांतरीच.

सांगोल्याची_सई | मंगळवार, रात्री ८.५०

माझा पोरगा तीन वर्षांचा असताना खेळण्यातला बटन सेल गिळला होता. आधी आम्हाला वाटलं नाणं असेल, केळं खायला घालू, निघून जाईल. सुदैवाने जाऊबाईंनी ऐकलं नाही, गाडी काढायला लावली. सोलापूरला पोहोचेपर्यंत लाळ गाळत होता. एक्स-रेत गोल दिसलं, कडेला दुहेरी रेघ. डॉक्टर म्हणाले, नाणं नाही, सेल आहे, लगेच आत घ्या. झोपवून नळीने काढला. अन्ननलिकेला आतून काळा डाग पडलेला, मला पडद्यावर दाखवला. सेल दोन तासांतसुद्धा भाजू शकतो म्हणाले.

घरी रिमोट आहे तिथे लहान मूल असेल तर आत्ता उठून झाकणाला चिकटपट्टी लावा. धागा नंतर वाचा.

वॉर्डातली_ताई | मंगळवार, रात्री ९.१०

सईताई, एकदम बरोबर. त्या नळीने आम्ही काय काय काढलंय, कवळ्या, मटणाची हाडं, पिना, मंगळसूत्राची वाटी, एकदा अख्खी आमसुलाची बी. आमसूल गिळणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले होते.

होटगीरोडकर | मंगळवार, रात्री ९.३५

कॅमेऱ्याची गोळी गिळतात म्हणे. ती नंतर परत द्यायची का? डिपॉझिट असतं का?

काचतंतू | मंगळवार, रात्री १०.००

परत द्यायची नाही, निसर्गक्रमाने जाते. इस्रायलच्या गॅव्रिएल इद्दान यांची कल्पना. ते क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करणारे इंजिनिअर. २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. लहान आतडं कित्येक मीटर लांब, नेहमीची नळी तिथे पोहोचत नाही, तिथे ती उपयोगी. पण ती फक्त फोटो काढते. तुकडा घेणं, रक्त थांबवणं जमत नाही. आतडं कुठे अरुंद असेल तर अडकते. आणि ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही.

पूर्वभागवाला | बुधवार, सकाळी ७.१५

आमच्याकडे कोणाच्याही पोटात मोठं काही निघालं की हैदराबाद ठरलेलं. रात्री गाडीत बसायचं, सकाळी तिथे. भाषेचा प्रश्न नाही, घरात तेलुगूच बोलतो. काकांची पित्तनळीतली खड्याची केस तिथेच झाली. कावीळ होऊन डोळे पिवळेजर्द, पोटाला एक टाका नाही, दोन दिवसांत घरी. तिथल्या नागेश्वर रेड्डी डॉक्टरांना २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत लोक असे खूश झाले जणू आपलाच भाऊबंद.

पोटोबा | बुधवार, सकाळी ८.००

पित्तनळीचं तोंड नळीतून कापून खडा काढायची पद्धत १९७३-७४ ची, जर्मनीत आणि जपानात जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. आता ती सोलापुरातही होते, प्रत्येक वेळी हैदराबाद गाठायची गरज नाही. पण ती साधी तपासणी नाही. शंभरातल्या काही जणांच्या स्वादुपिंडाला त्यानंतर सूज येते, क्वचित ती गंभीर होते. सही करण्याआधी हे समजून घ्या.

कडकभाकरी | बुधवार, दुपारी १२.२०

कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्रीबद्दल कोणीच कसं लिहीत नाही? खरी परीक्षा तीच. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी बंद, बिया बंद, शेंगदाणे बंद. म्हणजे सोलापूरकराने खायचं काय? भात आणि ताक. मग आदल्या संध्याकाळी पावडर घातलेलं दोन लिटर पाणी, लिंबाच्या वासाचं, खारट-गोड, तिसऱ्या पेल्याला जीव नको होतो. आमच्या वाड्यात तेव्हा तीन बिऱ्हाडांत मिळून एकच संडास. माझ्या सासऱ्यांनी रात्रभर आतून कडी लावून ठेवली आणि बाहेर शेजारचे आण्णा टमरेल घेऊन उभे. आण्णा अजून बोलत नाहीत आमच्याशी.

होटगीरोडकर | बुधवार, दुपारी १२.३१

+१००० आण्णांना.

वॉर्डातली_ताई | बुधवार, दुपारी १.००

हसा, पण तयारी नीट नसेल तर डॉक्टरला आत काही दिसत नाही, लहान पॉलिप निसटतो आणि सगळं परत करावं लागतं. पाणी गार करून प्या, चव कमी लागते. निम्मं संध्याकाळी, निम्मं पहाटे सांगितलं असेल तर पहाटेचं चुकवू नका. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, मालदांडी, हे वडिलांच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि शुगरची औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत.

काचतंतू | बुधवार, रात्री ९.४०

आता पॉलिप शोधायला संगणकही लागलाय. पडद्यावर हिरवी चौकट येते, 'इथे बघा'. त्याने जास्त पॉलिप सापडतात असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. पण २०२५ मध्ये पोलंडमधून एक गंमत छापून आली. संगणकाची सवय लागल्यावर डॉक्टरांनी तो नसताना केलेल्या तपासण्यांत पॉलिप सापडायचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. गुगल मॅप आल्यापासून आपल्याला नवी पेठेतल्या गल्ल्या आठवत नाहीत, त्यातलाच प्रकार.

मालदांडी | पुढचा रविवार, सायं. ६.१५

सगळ्यांचे आभार. काकांना हा धागा वाचून दाखवला. तलवारवाल्यापाशी ते विरघळले.

शुक्रवारी झालं. वर किरकोळ सूज, जिवाणू पॉझिटिव्ह. खाली उजव्या बाजूला दीड सेंटीमीटरचा पॉलिप, लालभडक, हात लागला की रक्त येणारा. मला पडद्यासमोर उभं केलं होतं. तारेचा फास त्याच्या देठावर बसला, एक जण 'आवळतोय' म्हणाला, देठ पांढरा पडला आणि तो गळून आला. जाळीत धरून बाहेर. वडील घोरत होते. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काल आला, ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ, पण आत्ता कॅन्सर नाही. तीन वर्षांनी परत बघायचंय.

'नुसतं टीव्हीवर दिसतं' हे मी मागे घेतो. टीव्हीवर दिसतं म्हणूनच हात चालतो.

शंकासुर | पुढचा रविवार, सायं. ६.४०

वडिलांचं ऐकून बरं वाटलं, मनापासून. तरी एका उदाहरणाने सिद्ध काही होत नाही, हे नोंदवून ठेवतो. रक्त त्या पॉलिपमधूनच जात होतं कशावरून?

पोटोबा | पुढचा रविवार, रात्री ८.३०

रास्त शंका. लोह पूर्ण दिल्यावर हिमोग्लोबिन चढतंय आणि टिकतंय का ते दोन-तीन महिन्यांनी बघायचं. परत घसरलं तर लहान आतडं बघावं लागेल, होटगीरोडकरांची ती डिपॉझिटवाली गोळी.

मंगळवेढेकर | पुढचा रविवार, रात्री १०.५०

नवीन सभासद. धागा पूर्ण वाचला. सासूबाई ५८ वर्षांच्या, मिश्रीची सवय जुनी. हल्ली भाकरी गिळताना छातीत अडकते, वरून पाणी प्यावं लागतं. आता तर डाळीत कुस्करूनच खातात. घरचे म्हणतात कवळी सैल झालीय. पोटोबा सरांनी वर घास अडकण्याचं लिहिलंय म्हणून विचारतो, हुरडा-सुगी झाल्यावर दाखवलं तर चालेल का?

पोटोबा | पुढचा रविवार, रात्री ११.०५

नाही. याच आठवड्यात दाखवा. आधी घट्ट आणि मग मऊही अडकायला लागणं, त्यात तंबाखू, याला थांबायचं नसतं. कदाचित साधं काही असेल, पण ते बघूनच कळेल.

वॉर्डातली_ताई | पुढचा रविवार, रात्री ११.१२

सिव्हिलला गेलात तर केसपेपर काढतानाच 'घास अडकतो' हे शब्द सांगा, नुसतं 'ॲसिडिटी' सांगू नका, म्हणजे तारीख लवकर मिळते. सकाळी उपाशी आणा, पाणीसुद्धा नाही. मिश्रीही नाही, ती लावून येतात आणि सांगत नाहीत. आणि कवळी घरीच ठेवा, तिथे रुमालात गुंडाळलेली हमखास हरवते.

मंगळवेढेकर | पुढचा रविवार, रात्री ११.२०

परवा सकाळच्या एसटीने निघतो.